पाचशे माणसांचा स्वयंपाकी

रामराव कडूंच्या पायावर वांग्याच्या भाजीचा गंज, आमच्याकडचं मोठं पातेलं, माझ्या धक्क्याने लवंडला, ही गोष्ट आता मोर्शी तालुक्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मी मोबाइलवर फोटो काढत होतो. चौकटीत मला माझे साडभाऊ खुशालराव, त्यांच्या हातातला लांब दांड्याचा झारा, मागे मारुतीचं देऊळ आणि जमल्यास देवळावरचा झेंडा, एवढं सगळं एकदम हवं होतं. झेंडा काही केल्या येईना. म्हणून मी एक पाऊल मागे सरलो. मग आणखी एक. तिसरं पाऊल चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या गंजाला लागलं, आणि त्याच वेळी गंजाच्या पलीकडे रामराव भाजीचा वास घ्यायला वाकले होते.

फोटो मात्र चांगला आला. झेंड्यासकट.

भाजी सांडली हे माझ्या हातून झालेलं लहान नुकसान. मोठं नुकसान त्यानंतर थोड्या वेळाने झालं, तेही माझ्याच कृपेने, आणि त्यात भाजले ते खुशालराव. ते कसे, हे कळायचं तर आधी खुशालराव कोण ते कळायला हवं.

खुशालराव पाचघरे म्हणजे निवृत्त सुभेदार. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची कौशल्या थोरली, माझी धाकटी. त्यामुळे ते मला 'अरे मास्तर' म्हणतात आणि मी त्यांना 'भाऊ, तुमी' म्हणतो. नावात खुशाली असलेला इतका थकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. थकलेला म्हणजे आजारी नव्हे, रडका तर नव्हेच. पाठ अजून ताठ, मिशी अजून कातरलेली, चपलासुद्धा दाराशी सावधान उभ्या असल्यासारख्या काढलेल्या. पण खुर्चीत बसतात ते असे, की वाटावं, लांबच्या गाडीतून उभ्याने आलेल्या माणसाला अखेर जागा मिळाली. आणि बसल्या बसल्या कोणी हाक मारली, की उठायच्या आधी एक क्षण डोळे मिटतात. तेवढीच त्यांची तक्रार.

त्यांचं गाव मूर्तिजापूरकडचं. बारावीला त्यांनी सायन्स घेतलं ते डॉक्टर व्हायचं म्हणून. मार्क असे पडले की दवाखान्यात शिरायचं तर पेशंट म्हणूनच शिरावं लागलं असतं. त्याच वर्षी अकोल्याला लष्कराची भरती निघाली. खुशालराव गेले ते मित्राला सोबत म्हणून. मित्र धावण्यात बाद झाला आणि सोबतीला गेलेला पास झाला. त्यांना जायचं होतं तोफखान्यात, कारण तोफ लांबून उडवता येते असं त्यांनी ऐकलं होतं. पण कागद तपासणाऱ्या हवालदाराने 'बारहवी, बायोलॉजी' असं मोठ्याने वाचलं आणि त्यांना दंड धरून दुसऱ्या रांगेत ढकललं. ती रांग गेली लखनौला. तिथे त्यांना सुई टोचायला, पट्टी बांधायला आणि स्ट्रेचर उचलायला शिकवलं. पहिली दोन कामं हातांची, तिसरं कमरेचं. हात विसरले असतील नसतील, कंबर काही विसरलेली नाही.

कागदावर त्यांचा हुद्दा नर्सिंग असिस्टंट. पण पलटणीत ज्याच्या पिशवीत गोळ्या असतात त्याला सगळे 'डॉक्टर साब'च म्हणतात. वयाच्या विसाव्या वर्षी, गालावर धड दाढी नसताना, खुशालराव डॉक्टर साब झाले. परीक्षेने जे दिलं नाही ते पिशवीने दिलं. सुरुवातीला त्यांना त्याचं बरं वाटत असणार. पुढे पुढे ती हाक कानावर आली की ते आधी बूट कुठे काढलेत ते पाहायचे.

फौजेत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला काही दुखतंखुपतं त्याने रांगेत उभं राहायचं. कोणाला औषध, कोणाला हलकं काम, कोणाला विश्रांती, आणि उरलेल्यांना 'चल, ड्यूटीवर जा'. आपल्याला वाटतं, त्या रांगेत छातीवर गोळ्या झेललेले वीर उभे असतील. खुशालराव म्हणतात, गोळी लागलेला वर्षा-दोन वर्षांत एखादा. बाकी सगळे बुटाने सोललेले पाय, नायटा, खोकला, बद्धकोष्ठ, आणि लांबच्या कूचच्या आदल्या सकाळी अचानक उपटलेली पाठदुखी. पाठदुखी खरी की खोटी हे ओळखायची त्यांची एक युक्ती होती. ते त्या जवानासमोर जमिनीवर चहाचा कप ठेवायचे.

"खरी पाठ दुखत असंन तं मानूस कपाकडे पायते," ते सांगतात. "खोटी असंन तं कप उचलते."

"आन खरी दुखत असून चहाची तलफ असंन तं?" मी एकदा विचारलं.

"मंग तो मास्तर असते."

पुढे ते हवालदार झाले, नायब सुभेदार झाले, सुभेदार झाले. खांद्यावरची पट्टी बदलत गेली, रांग तीच. बर्फातल्या चौक्या, वाळूतले तंबू, छावण्यांतले दवाखाने. कौशल्यावहिनींनी एवढ्या ठिकाणी संसार मांडून मोडला की पोळपाट कोणत्या पेटीत आहे हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. आणि प्रत्येक ठिकाणी, रांगेतला प्रत्येक जण शेवटी एकच प्रश्न विचारायचा. नायटा असो की फुफ्फुसात पाणी असो, प्रश्न तोच: "डॉक्टर साब, कुछ होगा तो नहीं ना?"

आणि उत्तर ठरलेलं: "कुछ नहीं होता."

एकदा एका उंच चौकीवर एका पोराच्या छातीत पाणी भरलं. हेलिकॉप्टर येईना, ढग हटेनात. पोराला पाठीवर बांधून खाली आणलं, आळीपाळीने. खुशालराव बाजूने प्राणवायूची नळी धरून चालत होते, आणि पोरगं दर वळणावर तोच प्रश्न विचारत होतं. प्रत्येक वळणावर यांनी तेच उत्तर दिलं. पोरगं वाचलं. आजही दिवाळीला फोन करतं, आता त्याला स्वतःला दोन पोरं आहेत. पुढच्या हिवाळ्यात तीच वाट, तीच वळणं, तीच नळी, दुसरा पोरगा. उत्तर तेच, आवाजसुद्धा तोच. तो पायथ्यापर्यंत पोचला नाही.

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मोसंबी सोलता सोलता. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी त्यात फोड कोंबली. वर म्हणाले, "काम जड नव्हतं गा. जबान जड झाली."

आता कोणी म्हणेल, माणूस सुट्टीवर येत असेल, तेव्हा तरी विसावा मिळत असेल. पण घरी त्यांची आई होती. पार्बताबाईंनी पोराला कोणी 'डॉक्टर साब' म्हणतं हे एका पत्राच्या ओझरत्या ओळीत ऐकलं आणि गावभर सांगून टाकलं, माहा खुशाल मिल्ट्रीत डाक्टर हाय. झालं. हे एस.टी.तून उतरायच्या आत ओसरीवर गाव बसलेलं.

"मा, मी डॉक्टर नाही वो. नर्सिंग असिस्टंट आहो."

"ते तुह्या सायबाले सांग. गावाले काहून सांगतं?"

खुशालराव ट्रंक खाली ठेवायचे, एक क्षण डोळे मिटायचे, आणि हात धुवायला जायचे. सुट्टी संपवून पलटणीत परत गेले की म्हणे त्यांना थोडा आराम वाटायचा. तिथे निदान बैल बसला, गाय दूध देत नाही, अशा तक्रारी नसत.

निवृत्तीनंतर मात्र झोपायचं, हे त्यांनी फार आधी ठरवलं होतं. झोप म्हणजे रात्रीची नव्हे, ती कोणालाही मिळते. त्यांना हवी होती सकाळची झोप. सूर्य वर आला आहे, चिमण्या ओरडत आहेत, दारात कोणीही उभं नाही, आणि आपण कूस बदलतो आहोत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मागितलेली ही एकच बढती.

ते निवृत्त झाले जानेवारी दोन हजार एकवीसच्या अखेरीस. अमरावतीत घर बांधून ठेवलं होतं. कौशल्यावहिनींनी हौसेने फाटकावर पितळी पाटी लावली: सुभेदार के. डी. पाचघरे, आर्मी मेडिकल कोअर (निवृत्त). पाटीवर पहिलं ऊन पडतं न पडतं तोच फेब्रुवारी उजाडला, आणि कोरोनाची दुसरी लाट देशात पोचण्याआधी आमच्या अमरावती-अकोल्याला आली. गाव बंद झालं. ॲटो बंद, क्लासेस बंद, दवाखाने भरलेले. आमच्या कॉलनीत एकच पाटी अशी होती जिच्यावर 'मेडिकल' लिहिलेलं होतं.

त्यांनी ते सगळं केलं. बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला, कोणाला आत्ता हलवायचं आणि कोण घरी राहू शकतो ते सांगितलं, पालथं कसं झोपायचं ते शिकवलं. सकाळी फाटकाबाहेर खडूने आखलेल्या गोलांत माणसं उभी. सिक रिपोर्ट. आणि तोच प्रश्न, आता मराठीत: "भाऊ, काही होनार नाही ना?" काही जणांना नाही झालं. काही जणांना झालं. लाट ओसरली त्या दिवशी खुशालरावांनी पेचकस घेतला, पितळी पाटीचे स्क्रू काढले, आणि कौशल्यावहिनींना म्हणाले, "सामान बांध."

"आता कुठं बदली?"

"मोर्शीकडे. संत्र्याच्या बागेत. तिथं आपल्याले कोनी ओयखत नाही."

ती बाग मोर्शीहून शेंदूरजनाघाटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका लहान खेड्याच्या शिवारात आहे. दोन खोल्या, एक बोअर, काळी जमीन आणि रांगेत उभी असलेली झाडं. एवढ्याच रांगा पाहायच्या, तक्रार न करणाऱ्या, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच दिवशी दोघं गावातल्या हॉटेलात चहा प्यायला गेले. हॉटेल म्हणजे टपरीच. तिथे मारुती देवस्थानाचे अध्यक्ष रामराव कडू बसलेले. त्यांनी नवा माणूस पाहिला, मिशी पाहिली, चालणं पाहिलं.

"फौजेतले का जी?"

"हो."

"काय होते फौजेत?"

खुशालरावांनी रामरावांकडे पाहिलं. रामरावांच्या अंगठ्याला मळकी चिंधी बांधलेली होती. शेजारच्या बाकावर एक जण गुडघा चोळत होता. हॉटेलवाला खोकत होता. खुशालरावांच्या डोळ्यांसमोर खडूचे गोल उभे राहिले असावेत. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल खोटं बोलले.

"लंगरात होतो. स्वयंपाकी."

कौशल्यावहिनींना चहाचा ठसका लागला. जो माणूस घरी पाण्याला उकळी आली की नाही हे विचारायला हाक मारतो, तो स्वयंपाकी! पण फौजी माणसाची बायको ती. ठसका आवरून म्हणाल्या, "हौ ना. लय मोठ्या लंगरात होते."

पितळी पाटी त्या घरात माठाखाली उपडी गेली. माठ हलत नाही म्हणून बरी, असं वहिनींचं मत. आणि खुशालराव सकाळी झोपू लागले. मी एकदा मुद्दाम सकाळी पोचलो होतो. दार लोटलेलं, ऊन अंगणात आलेलं, आणि सुभेदार साहेब भिंतीकडे तोंड करून घोरत होते. वहिनींनी मला ओठांवर बोट ठेवून बाहेरच बसवलं आणि ते दृश्य दारातून दाखवलं, लोक नवजात बाळ दाखवतात तसं.

पण खोट्यालाही शेतीसारखी निंदणी लागते. गावाला कळलं की मिल्ट्रीचा स्वयंपाकी आला आहे, आणि बोलावणी सुरू झाली. बारसं आहे, या. तेरवी आहे, जरा फोडणी सांभाळा. खुशालरावांनी बचावाला एक जबरदस्त खंदक खणला.

"पाचशे मानसाच्या खाली मले मिठाचा अंदाज येत नाही," ते गंभीरपणे सांगत. "सवयच तशी आहे. वीस-पंचवीस मानसं म्हनजे हात कापते माहा."

गावाला हे फार पटलं. मोठा माणूस आहे, लहान कामात कशाला अडकवा. उलट गावाला त्यांचा अभिमान वाटू लागला. पाव्हण्यारावळ्यांना दुरून दाखवत, "ते पाय, पाचशेच्या खाली भाजीले हात लावत नाही."

हे सोंग एकाच माणसाने ओळखलं होतं. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी इनायतुल्ला. ते बाग तोडायला मजूर घेऊन आले होते, आणि तोडणीत एक मजूर शिडीवरून पडला. आजूबाजूला कोणी नाही पाहून खुशालरावांनी दोन फांद्या आणि एक ओढणी घेऊन त्याचा हात असा बांधला, की मोर्शीला पोचेपर्यंत मजूर बिडी ओढत बसला होता. इनायतुल्लांनी ती गाठ नीट न्याहाळली.

"फौजी, ये लंगर की गाठ नही है."

"इनायतभाई, बोंब मारू नका. पाया पडतो."

"नाही मारत. पन मी आलो का एक सवाल इचारीन. एकच."

तेव्हापासून दर खेपेला ते भाव बोलायच्या आधी एक प्रश्न विचारत. बायको रईसाची साखर, स्वतःची टाच, मामूंचं मूत्रपिंड. एक म्हणजे एकच. बोलीला पक्के. खुशालरावांना तेवढा एक रोगी परवडत होता.

आणि या वर्षी मारुतीच्या देवळाला नवा कळस बसला. हनुमान जयंतीला रोडग्यांचा कार्यक्रम ठरला. आमच्याकडे देवाचं जेवण म्हणजे रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि सोबत वांग्याची अशी भाजी की जेवणाऱ्याच्या कपाळावर घाम आलाच पाहिजे. रामराव मिशीला पीळ देत बागेत आले.

"फौजी, आता नाही म्हनता येत नाही. आजूबाजूची पाच गावं जेवाले हायेत. पाचशेच्या वरच मानूस होते. देवानं तुमच्या मापाचं काम धाडलं."

रामराव गेल्यावर खुशालराव किती तरी वेळ झाडाखाली उभे होते. खरं सांगून टाकायचं, तर उद्यापासून सकाळ गेली. नाही सांगायचं, तर पाच गावांची भाजी. त्यांनी भाजी पत्करली. मला फोन केला.

"मास्तर, तुले वांग्याची भाजी येते का?"

"खाता येते."

"मंग ये. तोंडाले तरी कामात येशीन."

योजना कौशल्यावहिनींची होती. खुशालरावांनी झारा धरून चुलीसमोर उभं राहायचं आणि चेहरा कडक ठेवायचा. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन मागे बायकांत वांगी चिरत बसणार. त्या एकदा खोकल्या की मीठ, दोनदा खोकल्या की तिखट, खाकरल्या की जाळ कमी. सकाळभर ती भाजी खोकल्यावर शिजली. शेजारच्या म्हाताऱ्या जमुनाबाई दोनदा म्हणाल्या, "माय कौशल्या, दवाखान्यात दाखोव वो." पण रंग असा आला, तर्री अशी तरंगली, की लोक लांबून वास घेऊन माना डोलावू लागले. खुशालरावांच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी थोडंसं हसू पाहिलं. माणूस वाचला होता. भाजी उतरली, आता फक्त वाढायची. आणि तेवढ्यात मला झेंडा हवासा वाटला.

रामरावांची किंकाळी देवळाच्या पलीकडे गेली. नडगीपासून बोटांपर्यंत भाजी. लोक धावले आणि प्रत्येकाने येताना एक उपाय आणला. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद, कोणी कच्चा बटाटा किसायला घेतला. एकाने रोडग्यांचं तूप ओतायला तांब्या उचलला. मी हातातला मोबाइल धरून "माफ करा, माफ करा" एवढंच म्हणत होतो.

खुशालराव जागच्या जागी उभे होते. हातात झारा. त्यांनी रामरावांच्या पायाकडे पाहिलं, तुपाच्या तांब्याकडे पाहिलं, मग जमलेल्या पाच गावांकडे पाहिलं. सगळे इथेच होते. जे काही करायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करावं लागणार होतं. झारा त्यांनी हळूच टेकवून ठेवला, आडवा, कोणाच्या पायात येणार नाही असा. डोळे मिटले. मी मोजलं नाही, पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ मिटलेले होते.

मग जो आवाज निघाला तो मी आमच्या नात्यात कधी ऐकला नव्हता.

"हटो! कोई हाथ नहीं लगाएगा!"

तुपाचा तांब्या खाली आला. पेस्टवाला मागे सरला. देवळामागच्या बोअरची नळी ओढून आणवली, पाण्याची मंद धार पायावर सोडली, आणि "मी म्हनीन तंवर बंद कराची नाही" म्हणून दोघांना बसवलं. चप्पल अलगद काढली. पायातला चांदीचा तोडा सूज यायच्या आत उतरवला. कोणाचं तरी नवं धुतलेलं धोतर मागवून सैल झाकलं. हात कुठेही घाई करत नव्हते. मास्तरकीच्या आयुष्यात मी फळ्यावर इतक्या सरळ रेषा कधी मारल्या नाहीत.

रामरावांनी त्यांचं मनगट धरलं. एवढा मिशीवाला माणूस, आणि आवाज लहान पोराचा.

"फौजी, काही होनार नाही ना?"

खुशालराव थांबले. ते ठरलेलं उत्तर ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं, आणि परत गेलेलंही दिसलं.

"दुखन," ते म्हणाले. "लय दुखन, रामराव. चार रोज झोप येनार नाही. मोर्शीच्या दवाखान्यात चाला, डॉक्टर पायतीन. माह्या मतानं पाय बरा होईन. पन दुखन."

रामरावांनी मान हलवली आणि मनगट सोडलं. का कोण जाणे, त्या उत्तराने ते शांत झाले.

आता गर्दीत कुजबुज सुरू झाली. लंगरवाल्याला हे कसं येतं? सगळ्यांच्या नजरा खुशालरावांवर. आणि इथे, जेवायला आलेले इनायतुल्ला पुढे आले. देवा, काय माणूस आहे.

"अरे राजेहो, त्यात काय?" ते हात पसरून म्हणाले. "पाचशे मानसाचं लंगर म्हनजे रोज कोनी ना कोनी भाजतेच. शिकते मानूस!"

गर्दीने क्षणभर विचार केला. आणि पटलं तिला! माना हलू लागल्या. "बराबर हाय." "व्हय ना, चुलीजवळ तं भाजनारच." खुशालरावांचे खांदे सैल झाले. वहिनींनी पदर सारखा केला. खोटं पुन्हा उभं राहिलं होतं, पहिल्यापेक्षा मजबूत. फक्त सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची होती.

पण मी फार भारावलो होतो. माझा साडभाऊ, एवढा मोठा माणूस, आणि लोक त्याला आचारी समजतात! माझ्या छातीत अभिमान दाटला, आणि तो बाहेर पडला.

"काय लंगर लंगर लावलं आहे?" मी ओरडलो. "अठ्ठावीस वर्षं मेडिकल कोअरमध्ये होते हे! सुभेदार! यांच्या हाताखाली अर्धी पलटण बरी झाली आहे!"

गोवऱ्यांच्या आरात एक रोडगा फुटल्याचा आवाज आला. इनायतुल्लांनी कपाळाला हात लावला. मग गर्दीतून जमुनाबाई काठी टेकत पुढे आल्या, पदर वर सारून दंड पुढे केला आणि विचारलं:

"बापा, मंग तुले बीपी पायता येते का?"

रामरावांना जीपमध्ये घालून खुशालराव स्वतः मोर्शीला घेऊन गेले. गावाने बाकीच्या गंजांतली भाजी आणि रोडगे खाल्ले. सगळ्यांना घाम आला, सगळ्यांनी चव वाखाणली, आणि जेवता जेवता प्रत्येकाने आपापलं दुखणं आठवून ठेवलं. मी पंगतीत वाढत होतो. कौशल्यावहिनी माझ्याजवळून जाताना फक्त एवढं म्हणाल्या, "भाजी सांडली ते पुसून घेतली, मास्तर. हे कशानं पुसावं?"

संध्याकाळी खुशालराव परत आले. रामरावांचा पाय वाचणार होता, डॉक्टरांनी पट्टी करून घरी सोडलं होतं. खुशालराव बाजेवर बसले आणि बूट न काढता बसून राहिले. मी समोर उभा. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त बागेकडे पाहत म्हणाले, "झोपाचं होतं गा, मास्तर. बाकी काही नव्हतं."

सकाळी मला जाग आली ती माणसांच्या आवाजाने. कुंपणापासून संत्र्याच्या पहिल्या ओळीपर्यंत गाव उभं होतं. गुडघेवाला होता, खोकणारा हॉटेलवाला होता, जमुनाबाई सगळ्यांत पुढे. रामराव खुर्चीसकट उचलून आणले गेले होते. भाजलेला पाय स्टुलावर ठेवून ते रांग लावत होते, कारण अध्यक्षाला पाय नसला तरी चालतं, पद लागतं.

"काय जी सुभेदार," खुशालराव दारात दिसताच ते ओरडले, "पाचशेच्या खाली मीठ समजत नव्हतं ना?"

"मीठ कौशल्याचं होतं," खुशालराव म्हणाले.

त्यांनी बाहेर खुर्ची मांडली. आत जाऊन एक जुनी हिरवी पिशवी आणली. कपाटाच्या अगदी तळातून काढली असणार, घड्यांना पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. माठाखालची पाटी मात्र माठाखालीच राहिली. मग उभ्यानेच रांगेला सांगितलं, आवाज न चढवता.

"आयका. मी डॉक्टर नाही. सुई टोचत नाही, सलाईन लावत नाही, गोया देत नाही. बीपी पाहीन, पट्टी बदलीन, आन कोनी मोर्शीले जाचं, कोनी अमरावतीले, ते सांगीन. आन 'काही होनार नाही ना' असं मले कोनी इचारू नका. ऊन चढलं का बंद. मंग मी झोपीन."

"दुपारी?" जमुनाबाईंनी विचारलं.

"आता जवा भेटन तवा."

जमुनाबाई बसल्या. खुशालरावांनी दंडाला पट्टा गुंडाळला. त्यांची बोटं काम करत होती आणि डोळ्यांखाली कालचा अख्खा दिवस साचलेला होता. मला राहवलं नाही. गंज लवंडला तेव्हा माझ्याही पंजावर शिंतोडे उडाले होते, त्याचा सकाळपर्यंत चांगला टपोरा फोड झाला होता. तो एक निमित्त म्हणून पुढे धरून मी झाडांच्या आडून, रांगेच्या बाजूने, थेट त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "माह्यामुळे तुमची झोप गेली. लय थकले असान ना तुमी?"

त्यांनी पट्ट्यातली हवा सोडली, एक क्षण डोळे मिटले, आणि माझ्या हाताकडे न पाहता म्हणाले:

"थकलो तं आहोच, तू लाईन मोडू नको."